डीपीचं तेल

"नारळ तिकडं लांब फोडा, डीपीला हात लावायचा नाही!" मी खांबावरून ओरडलो. जुनी डीपी जळल्यावर बारा दिवसांनी गावात नवा ट्रान्सफॉर्मर बसत होता आणि बायका हळदीकुंकू घेऊन जमल्या होत्या.

मी खाली उतरलो तशी अनसूयाआत्या मला बाजूला घेऊन गेली. पदराआडून तिनं एक बाटली काढली. "गुडघ्याला लावायला घेतलं होतं एकाकडून. डीपीतलं तेल आहे म्हणाला. ते काढल्यामुळंच जळली का रे जुनी, दस्तगीर?"

माझं डोकंच फिरलं. "मग कशानं? तारेतून अकरा हजार व्होल्ट येतात, त्यांचे घरापुरते अडीचशे ही करते. त्यात आतली गुंडाळी तापते, तिला हे तेल थंड ठेवतं. औषध नव्हे ते, आत्या!"

तिनं बाटली माझ्या हातात दिली. लाईटीविना घरचं वाफेचं मशीन बंद, म्हणून बारा दिवस ती दमेकरी नवऱ्याला वाफ द्यायला रोज टेम्पोत घालून तालुक्याला नेत होती. गाव तेलचोराला शिव्या घालायचं, तेव्हा तीही मान खाली घालून तिथंच उभी असायची.

मी बाटली मुकाट्यानं माझ्या पिशवीत टाकली आणि लाईट सोडली. डीपी गुणगुणायला लागली. आत्याच्या घरात मशीन घरघरलं, हळूहळू म्हाताऱ्याचा खोकला थांबला.

नारळ फुटला. आत्यानं पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. मग डीपीकडं बघून हात जोडले आणि कण्हत खाली बसता बसता पुटपुटली, "गुडघे दुखू देत मेले. तू थंड राहा, बाई."