फारकतीचं पत्र

कुणाला पटणार नाही, पण पैजेवर सांगतो. अलिबागच्या कोर्टात मी बेलिफ होतो. शेगुलाबाईला कोर्टाने घटस्फोट दिला, पण आम्हा ज्यूंमध्ये नवऱ्याने बायकोच्या हातात फारकतीचं पत्र ठेवल्याशिवाय तिला दुसरं लग्न करता येत नाही.

नवरा पत्र मुठीत धरून बसला. "देत नाही. राहू दे अशीच."

"धर्माच्या रीतीने वागेन, असं लग्नाच्या करारात कबूल केलंस," जज्जसाहेब म्हणाले. "ठेव पत्र."

शेगुलाबाई ओंजळ पुढे करून उभी राहिली. सात दिवस बसली नाही. ओंजळीत चिमणीने घरटं केलं. आठव्या दिवशी त्याची मूठ सुटली.

"थापा मारू नका," वाल सोलता सोलता शेगुलाबाई, म्हणजे आता माझी बायको, म्हणाली. "सात दिवस कुठले? सात वर्षं. एकही तारीख चुकवली नाही मी."