मॉरिस विकायची होती

आमच्या ह्यांची जुनी मॉरिस लेकाने शर्यतीसाठी सोलून काढली. मागची बैठक उपटली, आत लोखंडी नळ्या ठोकल्या. एकुलता एक, कुठेतरी आदळून मरायचा, या भीतीने तो मुंबईला जाताच मी गाडी विकायला काढली. शिरपूरचे अय्युबभाई बघायला आले, आत बसले आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगला अडकले. सीट बोल्टांनी आवळलेली, मागे सरकेना. “अक्का, तुमचा मुलगा माझ्याहून उंच. तो यात मावणार नाही. मग चालवतं कोण?” घरात एवढं बुटकं माणूस एकच, माझी सून. हनुवटीपर्यंत पदर ओढून चहा घेऊन दारात उभी! “मेले, माहेरी जाते सांगून शर्यतीत गाडी हाकतेस?” मी ओरडले. तिने कप खाली ठेवले. “सासूबाई, दुसरा नंबर आला.” “अय्युबभाई, उतरा,” मी म्हटलं. “सूनबाई, बस. आधी पदर मागे घे, समोरचं दिसायला नको?”