पोकळ दांड्यांचे व्हॉल्व्ह

"दुकानातले दिसतात," व्हॉल्व्ह बोटावर तोलत एर्मेस म्हणाला. "दांडा भरीव आहे. असलं ओझं घेऊन इंजीन गाणार कसं? धापाच टाकणार."

वाल्तेर ओशाळला. दिवंगत वडिलांची, म्हणजे ओरेस्तेची, रेसची गाडी त्यानं वर्षभर खपून पुन्हा उभी केली होती. पण व्हॉल्व्ह जड, ते वेळेत मिटत नव्हते, आणि इंजिनाचा आवाज काही केल्या वरच्या पट्टीत चढत नव्हता. ओरेस्तेसाठी पोकळ दांड्यांचे हलके व्हॉल्व्ह एके काळी एर्मेसच करायचा. इटलीतल्या मोदेनाच्या पंचक्रोशीत ते काम हातानं करणारा आता तोच उरला होता, आणि त्यानंही लेथवर कापड घातलं होतं.

"काका, आमच्या सासूबाईंसाठी करा," वाल्तेरची बायको मिल्वा म्हणाली. "हिवाळ्यापासून निवेसआई एक शब्द बोललेल्या नाहीत. आम्हालाही ओळखत नाहीत. महिनाअखेरीस त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचंय. त्याआधी एकदा त्यांनी बाबांची गाडी ओळखावी, एवढंच याच्या मनात आहे."

"बाबा सरावाला निघाले की आई खिडकीशी उभी राहायची," वाल्तेर म्हणाला. "गाडी पुलापलीकडे जाऊन आवाज विरेपर्यंत जागची हलायची नाही. फार जीव होता तिचा."

एर्मेसनं उगाचच चष्मा पुसला.

"हा आवाज ऐकून काय केलं तिनं?"

"काहीच नाही. मानसुद्धा वळवली नाही."

"कशाला वळवेल? हा तो आवाजच नव्हे," म्हातारा पुटपुटला, आणि त्यानं लेथवरचं कापड ओढून काढलं.

मिल्वा दुपारी त्याच्यासाठी रश्श्यातल्या तोर्तेलिनीचा डबा घेऊन जायची. एर्मेस लेथवर वाकून दांड्याला भोक पाडत असायचा. जेवताना त्याची जीभ सैल सुटे.

"काय दिवस होते पोरी! घरात बसून आवाजावरून सांगता यायचं, कोण कुठल्या वळणावर आहे ते. ओरेस्तेला तर वेडच होतं. मी दांडे आणखी पोकळ करायचो, आणखी हलके. जितके हलके, तितका त्याला चेव. पार डोंगरापर्यंत जायचा."

"आणि तुम्ही लग्न का नाही केलंत?"

"सवड कुठं होती?" तो हसला. मिल्वाला त्याची दया आली. बिचाऱ्यानं उभा जन्म दुसऱ्याच्या इंजिनात घालवला, असं तिला वाटलं.

व्हॉल्व्ह बसले, आणि रविवार ठरला. एर्मेस दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. आला तोही परसातून. अक्रोडाखालच्या बाकावर बसला.

"अहो, पुढं अंगणात या की. तुमचीच करामत आहे."

"इथं बरंय. इंजीन लांबूनच नीट ऐकू येतं. वाल्तेरला सांग, रेंगाळू नकोस म्हणावं. सरळ पुलापलीकडे ने."

मिल्वा सासूचा हात धरून खिडकीशी उभी राहिली. गाडी फाटकाबाहेर पडली, वाल्तेरनं पाय दाबला, आणि आवाज चढत चढत अशा पट्टीत गेला की मिल्वाच्या अंगावर काटा आला.

निवेसची मान वळली. ओठ हलले. इतके महिने विझलेले डोळे लकाकले. मिल्वाला रडू आवरेना. नवरा इथं हवा होता, हे त्यानं डोळ्यांनी पाहायला हवं होतं, असं तिला राहून राहून वाटलं.

गाडीनं पूल ओलांडला. आवाज बारीक झाला, मग विरला.

निवेसनं सुनेच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. केस नीट केले, ॲप्रन सोडून खुर्चीवर टाकला. काठी न घेता ती स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी गेली आणि तिनं कडी काढली.

"गेला एकदाचा," ती हळूच म्हणाली. "ये रे एर्मेस, आत ये."