वाकडा कॉर्ड

घशाच्या कॅन्सरमुळं पंकजाचं स्वरयंत्र काढावं लागलं, श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडलं. संगमनेरच्या ऑर्केस्ट्रात गायला तिच्या जागी सृष्टी आली. पहिली तालीम पंकजाच्याच घरी होती, कीबोर्डवर तिचा नवरा वाल्मिक. मुखड्याकडं परतताना तो तीन-चार पट्ट्या एकदम दाबून एक वाकडा कॉर्ड धरायचा; त्यातला एक सूर मुद्दाम चढवलेला, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. पंधरा वर्षं पंकजानं तिथूनच गाणं उचललं होतं. सृष्टी तीनदा चुकली. “सर, साधा वाजवा ना. मला सूरच घावंना.” वाल्मिकनं साधा कॉर्ड धरला. तशी पंकजा स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्याचं बोट उचलून तिनं परत काळ्या पट्टीवर ठेवलं आणि नेमक्या मात्रेला पोरीचा खांदा दाबला. मुखडा बरोबर लागला. “जमलं की!” म्हणत वाल्मिकनं वर पाहिलं. पंकजाचे ओठ गाण्याचे शब्द म्हणत होते; गळ्यातल्या छिद्रातून नुसती हवा येत होती.