पातेल्यावरचं झाकण

आज माझ्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांनी, बायबलमधल्या, करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या त्या जुन्या पत्रावर चर्चमध्ये उपदेश केला. एकत्र जेवायला जमलात तर एकमेकांसाठी थांबा. पुढच्याने ढेकर द्यायची आणि मागच्याने उपाशी राहायचं, हे देवाच्या घरात शोभत नाही. सगळे डोळे मिटून ‘आमेन’ म्हणाले आणि उपासना संपताच मागच्या खोलीत ताटं घेऊन उभे राहिले. कमिटीचे सेक्रेटरी नेहमीप्रमाणे रांगेत पहिले. हॉस्पिटलातली साफसफाई उरकून येणाऱ्या आमच्याच मंडळीतल्या बायका अजून वाटेत होत्या. दर रविवारी त्यांच्या वाट्याला पातेल्याची खरवड येते, आणि वर आमची उष्टी ताटं घासायला. मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि डाव कमरेला खोचला. “वहिनी, पोटात कावळे ओरडतायत,” सेक्रेटरी म्हणाले. “ओरडू द्या. उपदेश त्यांनीही ऐकलाय.” नवरा कानाशी येऊन पुटपुटला, “अगं, लोक खोळंबलेत. चारचौघांत माझी शोभा करू नकोस.” “तुमचं बोलणं मनावर घेणारं एक तरी माणूस निघालं, यात कसली शोभा?” मी जागची हलले नाही. शेवटी दार उघडलं. पुढची बाई सवयीने बाह्या सरसावत तडक मोरीकडे गेली आणि थबकली. मोरीत एकही उष्टं ताट नव्हतं. मी सेक्रेटरींच्या हातातलं ताट काढून तिच्या हातात दिलं, आणि मगच झाकण उघडलं.