थांबवायचं बटण

डिश टीव्हीसाठी रेकॉर्डिंगचा बॉक्स निवडताना निवृत्त भूगोल मास्तरांनी तीन दिवस दुकानदाराचं डोकं खाल्लं. किती तास साठतात, एका वेळी दोन चॅनल होतात का, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. चालू कार्यक्रम मध्येच थांबवता आला पाहिजे, एवढा एकच हट्ट. कारण बायकोची मालिका लागली, की नेमकी त्यांना बोलायची उबळ यायची आणि तोंड उघडायचा अवकाश, मास्तरीणबाई हात वर करायच्या. "थांबा हो, संपू दे!" मालिका संपेपर्यंत मास्तरांचं बोलणं शिळं होऊन जायचं.

बॉक्स बसला. संध्याकाळी मालिका ऐन रंगात आली आणि मास्तर खाकरले. "अगं, मी काय म्हणतो..."

मास्तरीणबाईंनी बटण दाबलं. पडद्यावरची सून दारातच थिजली. बाईंनी रिमोट खाली ठेवला, चष्मा काढला आणि मांडी घालून त्या नवऱ्याकडे वळल्या. "हं, बोला. आता अजिबात घाई नाही."

मास्तरांनी सुनेकडे बघितलं, मग छताकडे. चाळीस वर्षं वर्ग गाजवलेल्या माणसाला एक वाक्य सुचेना. "काही नाही गं... पंखा जरा आवाज करतोय."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मास्तर बॉक्स काखोटीला मारून पायरीवर हजर.



"बिघडला वगैरे काही नाही हो. फक्त, अजिबात न थांबणारा एखादा दाखवा."