मेलेल्या राजाची तीन मिनिटं

दशरथला मरून पाच मिनिटं झाली होती, तेवढ्यात हॉलचा एसी बंद पडला.

छातीत बाण, अंगात मखमली अंगरखा, पाठीखाली सतरंजी. बहारीनच्या अदलिया भागातल्या त्या हॉलमध्ये दोनशे माणसं, आणि बाहेर सप्टेंबरचा उकाडा. कुजबुज सुरू व्हायला वेळ लागला नाही.

"अरे, दशरथभाऊंना बोलवा कुणीतरी!"

"कुठून बोलावणार? ते मेलेत."

हॉल हसला. दशरथला मात्र रडू आलं. इथे वीस वर्षं तो एसी दुरुस्त करत होता. जेवायला कुणाकडे गेला, तरी यजमान त्याला ताटाआधी गच्चीवर न्यायचे. आज एका संध्याकाळपुरतं त्याला फक्त राजा व्हायचं होतं. पहिल्या रांगेत त्याची लेक संघप्रिया बसली होती, जी सकाळीच म्हणाली होती, "बाबा, यू आर जस्ट लाइंग देअर."

नाटक बसवलं होतं निहारदांनी. कोलकात्याच्या रंगभूमीवर चाळीस वर्षं काढून ते आता इथेच जुफैरला मुलीकडे राहायला आले होते. स्टेजवर आपण एकशे बारा वेळा प्राण सोडला, असा त्यांचाच हिशेब. एकदा तर पोटावरून उंदीर गेला, तरी ते हलले नव्हते म्हणे. तीन महिने तालमीत त्यांनी दशरथला एकच गोष्ट घोकायला लावली होती : "मरना आसान है. मरा हुआ रहना, वो है एक्टिंग."

मागून आवाज आला, खट्. लगेच पुन्हा खट्. दशरथनं कान टवकारले. हॉलचा रखवालदार इमाद पडलेला ब्रेकर लगोलग वर करत होता. कॉम्प्रेसरला दम खायला वेळच मिळत नव्हता. आणखी दोनदा असं केलं, की खलास.

मागच्या दोन रांगा उठल्या. राजाच्या म्हाताऱ्या बापाचं काम करणारे निहारदा हंबरडा फोडून प्रेतावर कोसळले. घामानं त्यांची दाढी एका बाजूनं सुटली होती.

"दशरथ," ते त्याच्या कानात हुंदके देत म्हणाले, "उठो. नाटक डूब रहा है."

दशरथ ओठ न हलवता पुटपुटला, "दादा, मैं मरा हुआ हूँ."

शिकवण निहारदांचीच होती. त्यांनी आणखी एक हुंदका दिला.

"इमाद को बोलो," प्रेत पुढे म्हणालं, "तीन मिनट बटन को हाथ नहीं लगाने का. फिर चालू करने का."

निहारदा उठले. दोन्ही हात आभाळाकडे नेत गरजले, "सेनापति इमाद! तीन मिनट बटन को हाथ मत लगाना!"

एकाएकी सेनापती झालेला इमाद हात मागे बांधून ताठ उभा राहिला.

आता तीन मिनिटं काढायची, आणि संवाद तर संपलेले. निहारदा रडायला लागले. आधी हिंदीत. हिंदी संपली, तसे बंगालीत. कुणाला एक अक्षर कळत नव्हतं, पण उठलेली माणसं बसली. पदरानं घाम पुसणाऱ्या बायका त्याच पदरानं डोळे पुसू लागल्या. दशरथच्या गालावर टपटप काहीतरी पडत होतं आणि नाक भयंकर खाजत होतं. तो हलला नाही.

"सेनापति, अब!"

खट्. वरून गार झुळूक आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

नाटक संपल्यावर संघप्रिया धावत स्टेजवर आली. "बाबा! यू डिडन्ट मूव्ह! नॉट इव्हन वन्स!"

दशरथ हरखून कोपरावर अर्धा उठला. तोच तिच्या मागून रत्नागिरीचे ताहिरभाई पुढे सरकले.

"दशरथभाऊ, बरा झाला गावलात. आमच्या बुसैतीनच्या घरचा एसी गळतोय, जरा बघाल काय?"

लोंबती दाढी सावरत निहारदा मध्ये आले.

"किससे बात करता है? ये आदमी मर चुका है."

आणि दशरथनं पुन्हा आडवं होऊन, सुखानं डोळे मिटून घेतले.